नारळांच्या देशात जाण्याचा सराव

"आता विमान हलतंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी आईची खुर्ची मागून गदागदा हलवली.

आई जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावून बसली होती. पोटावरून बाबांचा कमरेचा पट्टा आवळलेला, मांडीवर पर्स आणि पर्सवर निवडायला घेतलेली पालेभाजी. विमान हलल्याबरोबर भाजी जमिनीवर गेली.

"अहो, भाजी!"

"विमानात भाजी नसते."

"पण घरात असते. उतरवा मला, गॅसवर कुकर आहे."

"घाबरलीस का?"

"भाजी सांडली म्हणून चिडलेय."

"चिडलेलं चालेल. ओरडायचं नाही. एक ओरडला की सगळे ओरडतात."

मी खिडकीपाशी होतो, म्हणजे फ्रिजपाशी. माझ्याकडे झोपलेल्या प्रवाशाची भूमिका होती. शेजारचा प्रवासी नेहमी झोपलेलाच असतो, त्याच्या पायांवरून कसं बाहेर पडायचं हे आईला आधीच ठाऊक हवं, असं बाबांचं म्हणणं. मी मन लावून झोपायचो. माझ्या कामाबद्दल बाबांनी समाधान व्यक्त केलं असा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आग लागली, वायू सुटला, बॉयलर फुटला तर माणसांनी कुठून आणि कसं बाहेर पडायचं, हे शिकवण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. स्वतः मात्र ते कधी फारसे बाहेर पडले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताशी कारखाना उरला नाही, आम्ही उरलो. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीची आधी ड्रिल व्हायची. नवा मिक्सर आणला तेव्हा तो चालू करण्याआधी आम्ही सगळे जिन्यात जाऊन उभे राहिलो होतो आणि बाबांनी डोकी मोजली होती.

आता आईला विमानाने जायचं होतं. एकटीला.

ताई समुद्रापलीकडच्या एका देशात राहते. देश इतका चिमुकला आहे, की नकाशात त्याचं नाव त्याच्या अंगावर मावलेलं नाही, शेजारी पाण्यावर लिहिलंय. बारा महिने उकाडा, रोज पाऊस आणि जिकडेतिकडे नारळाची झाडं. दाजी बोटीवर असतात, म्हणजे बहुतेक वेळ घरी नसतात. ताईला दिवस गेले होते. मागच्या वेळीही गेले होते, पण ते मूल राहिलं नाही. तेव्हा तिच्याजवळ कुणीच नव्हतं. इस्पितळातून ती एकटी रिक्षा करून घरी आली आणि मग तिने आम्हाला फोन केला. आई फोनवर नुसतं "जेवलीस का, काही खाल्लंस का" एवढंच विचारत राहिली होती. या वेळी डॉक्टरांनी ताईला आडवं पडून राहायला सांगितलं होतं. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. कुणीतरी जायलाच हवं होतं.

बाबांच्या छातीत दम नाही, त्यांना डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिलेला. माझी नोकरी इतकी नवी, की रजा मागितली तर साहेबांनी ती कायमची दिली असती. राहिली आई. बाजारापलीकडे ती एकटी कधी गेली नव्हती, आणि बाजारातसुद्धा रस्ता ओलांडताना अनोळखी बाईचा हात धरायची.

बाबांनी त्या देशाची माहिती काढली. माहिती काढण्यात ते वाकबगार, फक्त त्यांना चांगली माहिती सापडत नाही. रोज सकाळी चहासोबत एक नवा मृत्यू यायचा. डास. वादळ. समुद्रात दिसत नाही असा पारदर्शक मासा. आणि नारळ.

"झाडावरून डोक्यात पडतो," बाबा म्हणाले. "आवाज न करता. माणूस उभ्या उभ्या जातो."

"मग मी झाडाखालून नाही जाणार."

"तिथे झाडाखालीच सगळा देश आहे."

त्यांनी माळ्यावरून कारखान्याचं पिवळं हेल्मेट काढून आईला दिलं. आईने ते घालून अख्खी दुपार कपडे इस्त्री केले, कारण वजनाची सवय व्हायला हवी. दूधवाला दारात आला, हेल्मेटकडे बघितलं, वर छताकडे बघितलं आणि पटकन मागे सरला.

इथवर सगळी मजा होती. मजा थांबायची ती ड्रिल संपल्यावर. कारण कारखान्याचा एक नियम बाबांनी घरातही लावलेला होता: ड्रिल फसली तर काम सुरू करायचं नाही. नव्याने तयारी, नव्याने ड्रिल, पास झाल्यावरच पुढे. आणि आईची प्रत्येक ड्रिल फसत होती. कधी पट्टा काढायला उशीर झाला, कधी तिने झोपलेल्या प्रवाशाला, म्हणजे मला, "सरक रे जरा" म्हटलं. बाबांनी तिकिटाची तारीख एकदा पुढे ढकलली होती. ताई फोनवर म्हणाली, "असू दे, काही घाई नाही." मागे रिक्षातून घरी येऊन बोलली होती तेव्हा होता, तसाच तिचा आवाज होता.

मग परदेशात शिरण्याची ड्रिल ठरली. त्यासाठी खालच्या मजल्यावरचे कंडक्टरकाका बोलावले. बसमधली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी हा माणूस अजून दारातून आत येताना आधी वाकून गर्दी किती आहे ते बघतो. त्यांना इस्त्रीच्या टेबलामागे बसवलं. त्या देशाचा अधिकारी म्हणून.

"पासपोर्ट," काका म्हणाले.

आईने दिला. काकांनी तो उलटा धरून बराच वेळ वाचला.

"कशासाठी आलात?"

"मुलीकडे. तिचं बाळंतपण आहे."

"बाळ कुठंय?"

"अजून व्हायचंय."

"म्हणजे जे माणूस अजून जगात नाही, त्याला भेटायला तुम्ही एवढ्या लांब आलात?"

मला हसू आलं. आईला नाही आलं.

"पुरावा काय?" काका आता रंगात आले होते. "ते बाळ येणारच याचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?"

आई खाली बघत राहिली. मागच्या वेळचं काकांना माहीत नव्हतं. आम्ही बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाही ना? मग नाही जमायचं. मागे सरका, चला, मागे जागा आहे."

आणि आई खरंच मागे सरली. एकेक पाऊल मागे घेत भिंतीपर्यंत गेली आणि विमानाच्या खुर्चीत जाऊन बसली. तिने पट्टासुद्धा लावून घेतला.

"अहो वहिनी, मी आपली गंमत..." काका उठले.

"फसली," बाबा म्हणाले. "ड्रिल फसली. तारीख पुढे घ्यावी लागेल."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नव्हती. बुडता बुडता पायाला जमीन लागावी, तसं त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. आईनेही ते पाहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. विमानाची नाही, नारळाची नाही. आमच्या बैठकीच्या खोलीचीच. हे असंच चालत राहणार, आम्ही अशाच खुर्च्या हलवत बसणार आणि तिकडे ताई एकटी तांब्याकडे बघत पडून राहणार, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा औषधं आणायला गेले तेव्हा आई भांडी घासत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

"ते तुला पास करणारच नाहीत," मी म्हणालो.

"माहितीये मला."

"मग भांड ना त्यांच्याशी. मला म्हणतात तसं त्यांनाही म्हण, हा शुद्ध वेडेपणा आहे म्हणून."

"वेडेपणा नाहीये तो." आईने पातेलं उपडं घातलं. "तू लहान होतास. कारखान्यातली एक टाकी साफ करायची होती. ड्रिल फसली होती, पण वरच्यांना घाई. ह्यांना म्हणाले, एवढ्या वेळेला चालू द्या. हे गप्प बसले. फोरमन आत उतरला. ह्यांनीच त्याला ओढून बाहेर काढला. तेव्हा जे छातीत गेलं ते अजून आहे."

"आणि फोरमन?"

आईने दुसरं पातेलं घेतलं. ते स्वच्छच होतं, तरी ती घासत राहिली.

"तुला नाही भीती वाटत?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"जाम वाटते. रोज आंघोळीला गेले की नळ मोठा सोडते आणि रडून घेते. ह्यांना वाटतं मी पाणी वाया घालवते. परवा गळतीसाठी प्लंबर बोलावला ह्यांनी."

प्लंबर आला होता हे मला आठवत होतं. त्याने नळ तपासून "सगळं ठीक आहे" असं सांगितलं होतं.

"एक काम कर," आई हात पुसत म्हणाली. "तो तिकीटवाला आहे ना, त्याला फोन लाव. तारीख आहे तीच ठेव म्हणावं. ह्यांनी काही सांगितलं तरी हो म्हण आणि करू नको, असं सांग. आणि तू तोंड बंद ठेव. झोपलेला प्रवासी आहेस तू."

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, की असं तुकड्यातुकड्यांनी मला जमत नाही, एकदा पूर्ण ड्रिल घेऊ. खरी बॅग, खरे कपडे, घरापासून विमानतळाच्या दारापर्यंत. बाबांचे डोळे चमकले. असं कुणी स्वतःहून मागितल्याचं कारखान्याच्या इतिहासातही घडलं नव्हतं.

"दारापर्यंतच ना?"

"दारापर्यंतच."

सकाळी आम्ही निघालो. जिन्यात कंडक्टरकाका उभे होते. "वहिनी, त्या दिवशी जरा जास्तच झालं माझं," ते म्हणाले. आई म्हणाली, "बरं झालं भाऊजी, आता दुसरं कुणी काही विचारू दे." काकांनी तिची बॅग खालपर्यंत आणून दिली आणि बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळावी म्हणून बसलेल्या एका माणसाला अगदी अधिकाराने उठवलं. तो उठलाही.

वाटभर बाबा प्रश्न विचारत होते. कागद कुठल्या कप्प्यात? डाव्या. धूर दिसला तर? खाली वाकायचं. चुकलीस तर? गणवेशातल्या बाईला विचारायचं, पुरुषाला नाही. आईची उत्तरं पटापट येत होती. तिचे हात मात्र पर्सच्या बंदावर इतके घट्ट होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाबांचं लक्ष उत्तरांकडे होतं.

विमानतळाच्या दारात बंदूकधारी शिपाई तिकिटं तपासत होता. आत जाणाऱ्यांची गर्दी, बाहेर राहणाऱ्यांची त्याहून जास्त. बाबा दाराच्या अलीकडे थांबले.

"झालं. इथून परत," ते म्हणाले. त्यांनी थांबून दम घेतला. "छान केलंस. एकही चूक नाही."

"म्हणजे पास?"

"पास."

"नक्की ना? मागाहून काही काढायचं नाही."

"अगं, पास म्हणजे पास. मी कधी शब्द फिरवलाय?"

"नाही फिरवलात," आई म्हणाली. "मग आता काम सुरू करायला हरकत नाही."

तिने डाव्या कप्प्यातून कागद काढले, शिपायाला त्याच दिवसाचं, तारीख न बदललेलं तिकीट दाखवलं आणि बॅग ओढत आत गेली.

बाबांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पण तो आईपर्यंत पोचला नाही, शिपायाच्या पट्ट्याला लागला.

"तिकीट?" शिपाई म्हणाला.

बाबांकडे तिकीट नव्हतं. त्यांनी खिसे चाचपले, तिकीट असायला हवं होतं तसे. मग नियमाप्रमाणे मागे सरले.

काचेपलीकडे आई थांबली होती. तिच्या हातातून पासपोर्ट पडला. ती खाली वाकली, तो उचलला आणि पदराला पुसला. तिने वळून आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. काचेतून ऐकू आलं नाही, पण बहुतेक जेवणाबद्दल असावं. तिचा चेहरा भीतीने अगदी लहान झाला होता. कुणीही तिचा हात धरलेला नव्हता. ती पुढे चालायला लागली आणि एका मोठ्या कुटुंबाच्या ट्रॉल्यांमागे दिसेनाशी झाली.

मला वाटलं बाबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते शिपायाकडे गेले आणि अदबीने विचारलं, "इथे काही झालं, आग वगैरे, तर माणसांनी बाहेर येऊन कुठे जमायचं?"

शिपायाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्याने आजूबाजूला बघितलं आणि गाड्यांच्या जागेजवळच्या एका हिरव्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर चार माणसांचं चित्र होतं, चारी बाजूंनी त्यांच्याकडे बाण.

बाबा जाऊन त्या पाटीखाली ताठ उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. ऊन चढत होतं. वरून एक विमान गेलं, ते आईचं नव्हतं, तिच्या विमानाला अजून वेळ होता. थोड्या वेळाने एक बाई मुलाला घेऊन आमच्या मागे येऊन उभी राहिली. मग एक म्हातारा. मग बॅगवाले दोघं. रांग कशाची, हे कुणीच विचारलं नाही.

"चला ना बाबा," मी म्हणालो. "बस जाईल."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांची नजर दारावर होती. "एक माणूस कमी आहे."