दार उघडं होतं, म्हणे

चौकशीच्या खोलीत पंखा नव्हता आणि बाईंचं डोकं आधीच तापलेलं होतं. बाई चोवीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता. तो औषधांच्या शीतगृहात ऑपरेटर होता. तिथल्या लशी खराब झाल्या आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. समोरचा चौकशी अधिकारी मात्र बाईंचाच जुना विद्यार्थी, तर्कशास्त्रात वर्गात पहिला आलेला. म्हणूनच बाई जरा निर्धास्त होऊन आल्या होत्या.

त्याने निष्कर्ष वाचून दाखवला. "दार उघडं राहिलं तर तापमान चढतं. त्या दुपारी तापमान चढलं होतं. त्याअर्थी कर्मचाऱ्याने दार उघडं टाकलं होतं."

बाईंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्याने तेच वाचलं, जराही न अडखळता.

"पाऊस पडला की अंगण भिजतं," बाई म्हणाल्या. "म्हणून भिजलेलं अंगण दिसलं की पाऊसच पडला, असं होतं का? कुणी बादली सांडली असेल. पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं मी तुला हे."

"आठवतंय, मॅडम."

"मग कॉम्प्रेसर बंद पडला तरीही तापमान चढतं. कॉम्प्रेसर आचके देतोय असं याने तीनदा लेखी कळवलंय. कुठे आहेत ते अर्ज?"

"ते या चौकशीच्या कक्षेत येत नाहीत." तो पेनाचं टोपण लावत-काढत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, कॉम्प्रेसर म्हटलं की प्रकरण वरच्यांपर्यंत जातं. दार म्हटलं की इथेच मिटतं. तुम्हाला कळतंय ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. न कळता चुकला असता तर त्यांनी तिथेच बसून पुन्हा शिकवलं असतं. पण याला चूक कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच त्याने खाली सही ठोकली होती.

"आत्ता बोललास ते इतिवृत्तात घे."

"तसं घेता येत नाही."

"मग मी लिहिते."

त्यांनी कोरा कागद ओढला, त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, तारीख घातली, सही केली. कोपऱ्यात इतका वेळ खालमानेने टाइप करणारी टंकलेखिका उठून आली. "साक्षीदार म्हणून माझी सही घ्या," ती म्हणाली. "मीही ऐकलंय."

बाहेर आल्यावर भाऊ बोलला, "ताई, त्याला एवढा हुशार तूच केलास." टोमणा होता की नुसतंच सांगणं, कोण जाणे. बाई त्याच्यावरही खेकसल्या. पण त्याच्या बोलण्यात खोडायला काही सापडेना.

तो कागद अपिलात कामी आला. चार महिन्यांनी निलंबन रद्द होऊन भाऊ पुन्हा कामावर रुजू झाला, कॉम्प्रेसरही नवा बसला. माफी कुणी मागितली नाही. टंकलेखिकेची मात्र गावाबाहेरच्या गोदामात बदली झाली. ते कळलं त्या दुपारी बाईंनी अर्धी रजा टाकली आणि तिच्या बदलीविरुद्ध नवा अर्ज लिहायला घेतला.

"आता पुरे की, ताई," भाऊ म्हणाला. "आपलं झालं ना काम."

"आपलं झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस इथे. चौकशीपासूनच्या तारखा तुझ्या लक्षात आहेत. सांग एकेक."