बिनधन्याचा सांगावा

“अर्जुनाचा सांगावा हाय होऽऽ, अर्जुनाचा!”

हा आवाज समीक्षाच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. तिचा आज्जा बिराप्पा सांगाव्या, मेंढरांच्या तळांवर निरोप पोचवायचा. चाऱ्यासाठी मेंढरं लांबच्या मुलखात गेली, की गावाकडचे निरोप पोटाशी बांधल्यागत घेऊन तो ओढे-डोंगर तुडवत जायचा. तळाच्या कडेला उभा राहून आधी निरोप धाडणाऱ्याचं नाव पुकारायचा. बाळ झालेलं असो नाहीतर माणूस गेलेलं असो, आधी नाव, मग निरोप.

“आज्जा, आधी बातमी सांग की. नावाचं काय एवढं?” असं तिनं एकदा विचारलं होतं.

“पोरी, मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण कशाला आसती? धनी कळाय. बिनधन्याचं मेंढरू कुणाच्या बी रानात शिरतंय, आन् बिनधन्याचा सांगावा कुणाच्या बी डोक्यात.”

आता आज्जा नव्हता. सांगावे समीक्षाच सांगत होती, विट्याच्या ‘माणगंगा वाहिनी’वर, संध्याकाळच्या बातम्यांत.

वाहिनी विश्वजितनं उभी केलेली. गेल्या वर्षी ‘नवप्रकाश’ नावाच्या समूहानं ती विकत घेतली. त्याआधी साताऱ्याचा पेपर घेतला होता, सांगलीचे घेतले होते, घराघरांत जाणारी केबल घेतली होती. पाट्या जुन्याच राहिल्या, विश्वजितही संपादकाच्या खुर्चीत राहिला. बातम्या मात्र लांबून शिजून येऊ लागल्या. वाढपी गावचे, आचारी कुठला ते कुणाला ठाऊक नाही.

त्या आठवड्यात तिच्याच गावची बातमी आली. ‘मान तालुक्यातील मेंढपाळांनी सौर प्रकल्पासाठी चराऊ माळ स्वखुशीने सोडला.’ लिहिणाऱ्यानं माणचा मान करून टाकला होता. वाचताना तिनं ‘माण’ म्हटलं, तर वरून फोन आला, “मॅडम, जसं लिहिलंय तसंच वाचायचं.”

सकाळी एसटी स्टँडवर पेपरवाल्या दिलावरचाचांनी तिला हाक मारली. “ये बेटा, गंमत बघ. ह्या पेपरात मान, त्याच्यात मान, आन् ह्याच्यात बी मानच! सगळ्यांनी एकाच दगडाला ठेचाळायचं, म्हंजी पाय तरी एकाचंच आसत्याल.”

ती हसली. तेवढ्यात औंधहून सुलाआत्याचा फोन.

“आगं, तुमी माळ दिला म्हणं?”

“कोण म्हणलं, आत्या?”

“कोण म्हणलं काय! टीव्हीत आलं, पेपरात आलं, मोबाईलात आलं. धा तोंडं बोलत्यात, खोटी कशी आसत्याल? माज्या बाचं हाड त्या माळावर झिजलं, आन् मला एका शब्दानं इचारलं न्हाई व्हय रं तानाजी, म्हणून रातभर रडले बघ.”

समीक्षानं वडिलांना, तानाजीला, फोन लावला. उद्याच ग्रामसभा होती. माळ द्यायचा की राखायचा, ते तिथं ठरणार होतं.

“म्या न्हाई दिला,” तानाजी म्हणाला. “पर बाकीच्यांनी दिला आसंल. अर्जुना काल माज्याकडं चोरासारका बघत हुता. आता म्या एकट्यानंच हात वर करून काय करू? न्हाई जात सभंला.”

“आबा, कुणीच दिला नसंल.”

“आसं कसं? तूच तर वाचलीस की बातमी. पेपराचं सोड, माजी लेक बोलली म्हंजी खरंच आसंल.”

फोन ठेवला तरी ते वाक्य तिच्या हाताला चिकटून राहिलं. मग पदर खोचला आणि गावातलं एकेक घर फोनवर गाठायला लागली. अर्जुना म्हणाला, “म्या न्हाई गं, तुज्या बानं दिला म्हणं.” तिसऱ्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं, चौथ्यानं तिसऱ्याकडं. दुपार उतरेपर्यंत गाव संपलं. माळ कुणीच दिला नव्हता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण सोडून सगळ्यांनी दिला.

ती विश्वजितच्या खोलीत गेली. “दादा, ही सौर कंपनी कुणाची?”

त्यानं उठून दार लावलं. “नवप्रकाशचीच.”

“आणि हे आपण सांगायचं नाही?”

“जगात सगळीकडं हेच चाललंय, समीक्षा. मोठमोठ्या देशांत चार-दोन घरांच्या मुठीत सगळे पेपर, सगळे पडदे. तिथल्या शहाण्यांचं काही चालेना, तू विट्यात बसून काय करणार?”

“त्यांचा आज्जा सांगाव्या नसंल, दादा.”

“चेष्टा नको. तुझी नोकरी जाईल, माझी पण जाईल. आज तीच बातमी परत आहे, सभेच्या आदल्या दिवशी. वाच आणि मोकळी हो.”

ती स्टुडिओत गेली. खुर्चीत बसून केस सारखे करताना आत्या जात्यावर म्हणायची ती ओवी तिच्या ओठांवर आली:

सांगाव्या आला दारी, आधी धन्याचं नाव पूस
गेरूच्या खुणेबिगर, मेंढरू नगं आत घेऊस

लाल दिवा लागला. काचेपलीकडं विश्वजित बटणांपुढं बसला होता. पुढ्यातला कागद समीक्षानं पालथा घातला आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं.

“नवप्रकाशचा सांगावा आहे होऽ, नवप्रकाशचा! ही वाहिनी त्यांची. सकाळी तुमच्या हातात पडणारे पेपर बहुतेक त्यांचे. माळावर येणारी सौर कंपनीही त्यांचीच. आणि त्यांचं म्हणणं असं, की माणच्या मेंढपाळांनी माळ स्वखुशीनं सोडला.”

विश्वजितचा हात प्रक्षेपण तोडायच्या बटणापाशी आला. बटणावर बोट टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यानं मान खाली घातली, बोट मागं घेतलं.

समीक्षाचा आवाज आता बातम्यांचा राहिला नाही, तळाच्या कडेला उभा राहून पुकारणाऱ्याचा झाला.

“आता दुसरा सांगावा. ह्यो बिराप्पाच्या नातीचा हाय, धनी म्याच. घरटी इचारलंय म्या. आबा, ऐका. अर्जुनाकाका, तुमी बी ऐका. माळ कुणीच दिलेला न्हाई.”