भिंतीपलीकडे सोडलेलं पाणी

मी वारज्यातल्या एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, जिन्याखालच्या कोपऱ्यात पडून असलेली पाण्याची मोटार. माझा हिरवा रंग कधीच उडालाय, बेअरिंग खरखर करतं, आणि येणारे-जाणारे माझ्यावर ओली छत्री ठेवतात. माझी तक्रार नाही. अभिमानानं सांगावं असं माझ्याकडे थोडंच आहे. जे सांगायचंय ते मान खाली घालूनच सांगावं लागेल.

भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपात मी तयार झाले आणि संपत नावाच्या शेतकऱ्यानं मला बैलगाडीतून घरी आणलं. तेव्हा वारजं शहरात यायचं होतं. संपतची जमीन टेकडीच्या उतारावर, ओढ्याला लागून. टेकडीवर पडलेलं पाणी त्या ओढ्यानं नदीला जायचं, आणि पावसाळा सरल्यावरही ओढ्यात बरेच दिवस धार असायची. ती उचलून मी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत सोडायचे. दिवस उजाडायच्या आत जुड्या मंडईत पोचायच्या. संपतची बायको मथुराबाई संध्याकाळी माझ्यावर पोतं टाकायची. मी बंद पडले की संपत माझ्या अंगावर हात ठेवून उभा राहायचा, आजारी जनावरापाशी राहावं तसा.

मग गाव महापालिकेत गेलं. बाहेरून हायवे आला, तिकडे हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, आणि त्यांत काम करणाऱ्यांना राहायला घरं हवी झाली. संपतनं जमीन बिल्डरला दिली. खालच्या अंगाला राहतं घर आणि त्याच्यापुरती जागा तेवढी ठेवली. जमिनीबरोबर मीही गेले. पाया खणताना साचणारं पाणी उपसायला मी बिल्डरच्या माणसांच्या कामी आले.

बिल्डरनं ओढा एका पाइपात घातला आणि वरून रस्ता केला. महापालिकेची अट होती, की ह्या प्लॉटवर पडेल तो पाऊस ह्याच प्लॉटमध्ये मुरवायचा, शेजाऱ्याच्या अंगावर सोडायचा नाही. त्यासाठी आवारात मोठे शोषखड्डे खणले गेले. खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि तोंडाला लोखंडी झाकण. इमारतीचं आणि रस्त्याचं पाणी त्यांत उतरायचं. साहेब लोक येऊन बघून गेले, राहायला परवानगी मिळाली, आणि शेताच्या जागी दोनशे बिऱ्हाडं आली. मला बेसमेंटमध्ये ठेवून बिल्डर निघून गेला.

सोसायटीचे अध्यक्ष झाले शरच्चंद्र दामले. नारायण पेठेत सगळा जन्म काढलेला, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. उंच, ताठ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बोलणं मोजकं आणि जरा टोचणारं. पण सोसायटीतला दिवा गेला तरी स्वतः स्टुलावर चढून बघणारे. लोक त्यांना मानायचे, आणि लोक आपल्याला मानतात हे त्यांना आवडायचं.

काही वर्षांत घराघरात दुसरी गाडी आली. जागेवरून रोज भांडणं. बेसमेंटमध्येच भरलेल्या एका सभेत दामल्यांनीच तोडगा काढला, की शोषखड्डे बुजवायचे, वर पेव्हिंग ब्लॉक बसवायचे आणि तिथं पार्किंग करायचं. कुणीतरी विचारलं, "पण महापालिकेचं काय?"

"झाकणं तशीच ठेवू," दामले म्हणाले. "झाकणाखाली काय आहे हे झाकणालाच ठाऊक."

लोक हसले. काम झालं.

पुढं महापालिकेतून नम्रता नावाची तरुण इंजिनिअर तपासणीला आली. दामल्यांनी तिला आवार दाखवलं. तिनं एका झाकणावर पाय ठेवून विचारलं, "खड्डे साफ करता ना सर?" "दर उन्हाळ्यात," दामले म्हणाले. ती वाकून झाकण उचलणार, तेवढ्यात थांबली. "तुम्ही पाटबंधारे खात्यातले. तुमच्याकडे काय तपासायचं?" असं म्हणून हसली आणि चहा घेऊन गेली. तिला गेटपर्यंत पोचवून दामले बेसमेंटच्या उतारानं खाली आले आणि उगाच माझ्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. चेहरा बरा नव्हता.

त्यानंतर दर पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी यायला लागलं. मुरायला जागा नव्हती, ते आणखी कुठं जाणार? मग मला चालू करायचे आणि माझा पाइप मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकायचे. वॉचमन कचरू लातूरकडचा, नवीन होता. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "साहेब, पलीकडं काय आहे?"

"पलीकडे उतार आहे," दामले म्हणाले.

पलीकडे संपतचं घर होतं. ते मला ठाऊक होतं, कारण पाइपातून पाणी सुटलं की कधीकधी मथुराबाईचा आवाज यायचा, "अवो, चूल हलवा तिकडनं." मी ऐकायचे आणि पाणी ओतत राहायचे. मोटारीला बटण असतं, मन असून उपयोग नसतो.

मग एका वर्षी जुलैत पाऊस थांबायचं नावच घेईना. टेकडीवरही तोवर घरं झाली होती, तिकडचं पाणी रस्त्यानं लोंढ्यासारखं येत होतं. ओढ्याच्या पाइपाचं तोंड कचऱ्यानं तुंबलं. रविवारी सकाळी बेसमेंटमध्ये गाड्यांच्या अर्ध्या चाकांपर्यंत पाणी चढलं आणि मला विटांवर ठेवून चालू केलं.

थोड्या वेळानं संपत गेटवर आला. केस पांढरे झालेले, धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. कचरू त्याला आत सोडेना. आवाज ऐकून दामले उताराच्या तोंडाशी गेले.

"साहेब, ती मोटार जरा थांबिवता का?" संपत म्हणाला. "घरात गुडघाभर पाणी झालंय. मागची भिंत मातीची हाय."

दामल्यांच्या मागं तीन-चार सभासद उभे होते. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "अहो, पाऊस काही आम्ही पाडत नाही."

एकजण हसला. संपतनं मान वळवून माझा आवाज ऐकला, आणि सरळ उतार उतरून पाण्यातून माझ्यापर्यंत आला. कचरूनं अडवलं नाही. संपतनं माझ्या अंगावर हात ठेवला.

"ही आपलीच," तो पुटपुटला. मग दामल्यांकडे बघून म्हणाला, "लई पाणी दिलं हिनं आमाला. आता नगं झालंय."

एवढंच बोलून तो निघून गेला. मी चालूच होते. त्या दिवशी माझी वायंडिंग जळून गेली असती तर बरं झालं असतं, पण चांगल्या बनावटीच्या वस्तूला तेवढंही करता येत नाही.

दुपारी कचरू धावत आला. मागची भिंत बसली होती आणि मथुराबाईचा पाय तिच्याखाली सापडला होता. गल्लीतल्या पोरांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

दामल्यांनी स्वतः माझं बटण बंद केलं. "हातगाडी आण," ते कचरूला म्हणाले. मला हातगाडीवर चढवलं, आणि त्या भर पावसात दामले ती ढकलत मागच्या गल्लीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वायर सोसायटीतून भिंतीवरून ओढली. मला संपतच्या उंबऱ्यावर ठेवलं. घरात भांडी तरंगत होती, एक गादी भिजून फुगली होती. संपत दवाखान्यात होता. कचरूनं माझा एक पाइप घरातल्या पाण्यात सोडला. दुसरा दामल्यांनी हातात धरला आणि उताराच्या बाजूला वळवला.

तिथं खालच्या घराच्या दारात गोदाबाई उभी होती, कडेवर नातू.

"हिकडं नका सोडू," ती म्हणाली. "आमच्याबी घरात येतंय."

दामल्यांनी पाइप दुसऱ्या बाजूला नेला. तिकडे आणखी एक घर होतं. तिथलीही माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी शिवी दिली नाही. नुसती बघत राहिली. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस हातात पाइप धरून गल्लीत उभा होता आणि पाणी कुठं टाकावं ते त्याला कळत नव्हतं. पाऊस त्याच्या चष्म्यावरून गळत होता. त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही.

मग त्यांनी पाइपाचं तोंड वर केलं आणि भिंतीवरून सोसायटीच्या आवारात टाकलं. "चालू कर," ते म्हणाले.

मी संपतच्या घरातलं पाणी उचलून सोसायटीत फेकू लागले. ते हिरवळीवर पडलं, पेव्हिंग ब्लॉकवरून घसरलं आणि उतारानं थेट बेसमेंटमध्ये शिरलं. वरून आरडाओरडा झाला. एक सभासद भिंतीवरून डोकावून म्हणाले, "दामलेसाहेब, हे काय चाललंय? माझी नवी गाडी आहे खाली."

"वर काढून घ्या," दामले म्हणाले. "पाणी आपलंच आहे."

संध्याकाळी पाऊस उतरला. तोवर काही गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दामले कचरूला घेऊन दवाखान्यात गेले. तिथलं कचरूनं नंतर, मी परत जिन्याखाली आल्यावर, माझ्याशेजारी बसून दुसऱ्या वॉचमनला सांगितलं, म्हणून मला कळलं. मथुराबाईच्या पायाला प्लास्टर होतं. दामले खाटेपाशी जाऊन उभे राहिले. तेव्हा तीच म्हणाली, "साहेब, तुमच्या गाड्या भिजल्या म्हनं. लई नुसकान झालं का?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. कचरू म्हणाला, साहेब तिथून बाहेर आले आणि जिन्यावरच बसले. कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः जाऊन नम्रताला बोलावून आणलं. सगळे सभासद बघत होते. दामले वाकले, झाकण उचललं. खाली पेव्हिंग ब्लॉक होते, स्वच्छ, नवे असल्यासारखे.

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता," ते म्हणाले. "ठेवायला नको होता."

नम्रतानं त्यांच्याकडे बघितलं नाही. "चूक माझीही आहे सर," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी झाकण उचलायला हवं होतं." मग ती कडक आवाजात सगळ्यांना म्हणाली, की सोसायटीला नोटीस देतेय, आणि खड्डे पूर्ववत केल्याशिवाय ती मागं घेणार नाही.

सभेत दामल्यांनी स्वतःची पार्किंगची जागा आधी सोडली. बाकीच्यांनी कुरकुर केली, काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. खड्डे मात्र पुन्हा खणले गेले. संपतची भिंत सोसायटीनं विटांची बांधून दिली, आणि ओढ्याच्या पाइपाला जाळी बसवून ती साफ करायचं काम दामले स्वतः बघू लागले. अध्यक्षपद त्यांनी सोडलं.

सगळं नीट झालं असं म्हणवत नाही. टेकडीचं पाणी अजून येतं. फार झोडपलं तर मागच्या गल्लीत अजून घोटाभर साचतं. मथुराबाई लंगडते. दामले तिच्या दारावरून जातात तेव्हा ती "या" म्हणते, आणि ते मान हलवून पुढं जातात. आत जाण्याइतकी हिंमत त्यांना अजून झालेली नाही.

सोसायटीनं आता नवी मोटार आणलीय, पाणी चढलं की आपोआप चालू होणारी. तिचा पाइप शोषखड्ड्यात सोडलाय. मला लवकरच भंगारवाला नेईल. त्याचं वाईट वाटत नाही.

पण ती नवी फार जोरकस आहे, आणि तिला थांबवायला कुणी माणूसही लागत नाही. तेव्हा तिच्यासाठी तुम्हाला एक विनवणी. घर घ्याल तेव्हा हॉलची लांबी-रुंदी बघता, गॅलरीतून दिसणारी टेकडी बघता. तेवढ्यातच एकदा खाली उतरून मागच्या गल्लीत जा, आणि तुमच्या छपरावरचं पाणी जिथं जाऊन थांबतं तिथं राहणाऱ्या माणसाचं नाव विचारून या.