पाणी वाजेपर्यंत

"तिसरी ओळ कोणी सांगितली लिहायला?"

मेकॅनिकने पत्र टेबलावर फिरवून डॉक्टरसमोर सरकवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या ओळीत होतं की रुग्णाला एकोणपन्नास वर्षांपासून मधुमेह आहे. दुसरीत होतं की सोबत इन्सुलिनच्या बाटल्या, सुया आणि साखर बाळगणं आवश्यक आहे. इथपर्यंत ठीक होतं. तिसरी ओळ अशी : रुग्णाने एकट्याने लांबचा प्रवास करू नये.

"काका, तुमच्याच भल्यासाठी आहे ते."

"काका नका म्हणू. वयानं मोठा आहे, पण मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही. कोणी सांगितलं?"

डॉक्टरने पेनाला टोपण लावलं. "तुमचे चिरंजीव आले होते परवा. फार काळजीत होते हो."

उद्या दुपारी दोनचं विमान होतं. हे पत्र विमानतळावर दाखवल्याशिवाय सुया आत जाणार नव्हत्या, आणि दाखवलं तर काउंटरवरची मुलगी विचारणार होती, सोबत कोण आहे? सोबत कोणी नव्हतं. म्हणजे चार महिन्यांचे हेलपाटे, व्हिसा, तिकीट, हक्काची एकवीस दिवसांची रजा, सगळं त्या एका ओळीत बुडालं होतं.

मेकॅनिकने पिशवीतून जाड वही काढून टेबलावर आपटली. पेनस्टँड हललं.

"उघडा. कुठलंही पान."

डॉक्टरने उघडलं. तारीख, वेळ, रक्तातली साखर, किती युनिट, शेरा. रोज चार नोंदी. एकही रकाना कोरा नाही.

"अशी वही कोणी ठेवत नाही," डॉक्टर म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

"सरकारी फ्रिजची ठेवतो मी. माझी का नाही ठेवणार? आता ती ओळ खोडा."

"खोडतो. पण एकदा मुलाचा फोन येऊ द्या. तो हो म्हणाला की संध्याकाळी नवीन पत्र देतो. उद्या काही झालं तर तो मलाच विचारेल ना?"

"अठ्ठावन्न वर्षांचा आहे मी. परवानगी मुलाची आणू?"

"तुम्ही चिडू नका. चिडलात की साखर वाढते."

यावर मेकॅनिक जे बोलला ते बाहेर बाकावर बसलेल्या पाच जणांनी ऐकलं, आणि त्यातल्या दोघांनी नंबर असूनही पुढच्या बाजूला सरकायचं टाळलं.

नोकरीच्या ठिकाणी त्याला थंडोबा म्हणत. लसींच्या भांडारातली शीतगृहं एकतीस वर्षं तोच सांभाळत होता, म्हणून एक. आणि त्याचं डोकं कायम तापलेलं असायचं, म्हणून दुसरं. सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. नवीन माणूस आला की थंडोबा त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. लस नेण्याच्या पेटीत फ्रीझरमधला आइसपॅक तसाच टाकायचा नाही. आधी तो टेबलावर ठेवायचा, घाम येऊ द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की भरायचा. तोवर नाही. "गरम झालेली लस दमते," तो सांगायचा, "गोठलेली मरते. आणि मेलेली दिसायला जिवंतासारखीच दिसते."

घराकडे चालताना त्याच्या डोक्यात ताई होती.

तो नऊ वर्षांचा असताना त्याला हे दुखणं लागलं. आई-वडील दोघं कामावर. दुपारची सुई द्यायची कोणी? चौदा वर्षांची ताई मधल्या सुट्टीत शाळेतून धावत घरी यायची, काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, दहा आकडे मोजायला लावून सातव्यालाच टोचायची आणि तशीच धावत परत जायची. तिच्या वर्गातल्या मुलींना वाटायचं, ही डबा खायला पळते. तीन वर्षं तिने मधल्या सुट्टीत डबा खाल्ला नाही. पुढे लग्न होऊन ती समुद्रापलीकडे गेली ती तिकडचीच झाली.

गेल्या वर्षापासून ताई माणसं विसरायला लागली होती. भाचीने चार महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलं, "मामा, यायचं तर आत्ता ये. नंतर येऊन तुला काही उपयोग नाही. मला ती 'अहो बाई' म्हणते आता. पण दुपार झाली की बेचैन होते. विचारते, त्याची सुई झाली का? मी म्हणते, झाली. तिला पटत नाही."

तिकीट त्याच आठवड्यात काढलं होतं.

घरात शिरल्या शिरल्या त्याने चप्पल भिरकावली. बायको भाजी निवडत होती. चपलेकडे बघून म्हणाली, "डॉक्टरचा राग चपलेवर काढू नका. एकच जोड धड आहे, तोच घालून जायचंय."

"कुठे आहे तो?"

"आतच आहे. सकाळपासून तुमचंच करतोय. बॅगसुद्धा भरली."

मुलगा आतून आला. तिशीचा, बँकेत नोकरीला, आज मुद्दाम सुट्टी घेऊन थांबलेला. वडिलांच्या हातातलं पत्र त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"कधी? विमान गेल्यावर?"

"तुम्ही ऐकता कोणाचं? मी म्हटलं दोन महिने थांबा, मला रजा मिळेल, मी येतो बरोबर. तर नाही."

"दोन महिन्यांनी ताई विचारायचीसुद्धा नाही!"

"आणि तुम्ही वाटेत पडलात तर? बसस्टॉपवर पडला होतात तेव्हा लोक दारुडा समजून बाजूनं जात होते. अर्धा तास. मी बघितलंय ते. मी बावीस वर्षांचा होतो आणि लोकांना ओरडून सांगत होतो, पिऊन नाही पडले, साखर द्या. तिकडे विमानात कोण ओरडणार?"

बायकोचा हात भाजीवर थांबला.

"त्या दिवशी का पडलो, ते माहीत आहे तुला?" मेकॅनिकचा आवाज खाली आला होता आणि त्यामुळे जास्त वाईट वाटत होता. "सुई घेऊन निघालो होतो. दहा मिनिटांत परत येऊन जेवणार होतो. तुझ्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस. खिडकीवरच्या साहेबानं ऐन जेवायच्या वेळेला खिडकी बंद केली. रांग सोडली असती तर नंबर गेला असता. उपाशी उभा राहिलो अडीच तास. कागद तुझ्या हातात दिला आणि मग पडलो. वहीत लिहिलंय. जा, वाच. एकोणपन्नास वर्षांत तेवढं एकदाच."

 विषय निदान दुसरीकडे वळावा म्हणून मुलगा म्हणाला, "औषधांची पेटी मी भरून ठेवलीय. सकाळी घाई नको म्हणून."

मेकॅनिक ताडकन आत गेला.

पेटी खिडकीखाली होती. निळी, भांडारातून निकालात काढलेली, त्याने स्वतः झाकणाचं रबर बदललेली. रात्री त्याने ती पुसून, कोरडी करून, उघडी ठेवली होती. आता झाकण बंद होतं. त्याने उघडलं. चार आइसपॅक, फ्रीझरमधून थेट काढलेले, अजून पांढरे, दगडासारखे. त्यांच्या मधोमध, अगदी चिकटून, सहा बाटल्या. तीन आठवड्यांना तीन पुरल्या असत्या. अर्ध्या हरवल्या तरी अडायला नको म्हणून त्याने सहा जमवल्या होत्या.

एक बाटली त्याने उजेडात धरली. आत बर्फाच्या सुया होत्या. दुसरी. तिसरी. सहाही पाहिल्या, कारण सहाही पाहायच्या असतात.

"किती वाजता भरलंस?"

"नऊला. तुम्ही गेल्या गेल्या. थंड ठेवायचं असतं ना? थंडच ठेवलंय."

"आइसपॅक वाजवून बघितलेस?"

"वाजवून?"

ज्याच्या बापाने गावोगावच्या माणसांना एकतीस वर्षं हेच शिकवलं, त्या मुलाने हे कधी ऐकलंच नव्हतं. मेकॅनिकला आठवेना की आपण घरात हे कधी बोललो होतो का.

"मेलं सगळं," तो म्हणाला. "सहाही."

"वितळेल ना?"

"वितळेल. दिसायला चांगलं दिसेल. मी टोचून घेईन आणि ते काम करणार नाही. तिसऱ्या दिवशी ताईच्या घरात आडवा होईन. तेव्हा तुझं खरं होईल. बाबांना एकट्याला सोडायला नको होतं."

"मी मुद्दाम केलं असं वाटतं तुम्हाला?"

मेकॅनिकने उत्तर द्यायला फार वेळ लावला. तेवढ्यात मुलाचे डोळे भरले.

"अहो, पुरे," बायको दारातून म्हणाली. "गाढवपणा केलाय, वैर नाही केलं. आता पुढचं बघा. दवाखाना पाचला उघडतो."

नव्या बाटल्यांना चिठ्ठी लागणार होती आणि चिठ्ठी त्याच डॉक्टरची. मेकॅनिकने एक गोठलेली बाटली थर्मासमध्ये टाकली आणि निघाला. मुलाने स्कूटर काढली. "बसा."

"मी चालेन."

मग मुलानेही स्कूटर बंद केली आणि ती ढकलत बापाच्या मागून चालू लागला. पूर्ण रस्ता दोघं असेच गेले. सिग्नलवर एकाने विचारलं, पेट्रोल संपलं का? 

चालता चालता मेकॅनिकने हिशोब मांडला होता. मी गोठवलं म्हणालो, तर डॉक्टर म्हणणार, बघा, यांना स्वतःचं औषध सांभाळता येत नाही, आणि ती ओळ पक्की होणार. मुलाने गोठवलं म्हणालो, तर ओळ खोडली जाईल. जे खरं आहे ते सांगायला हरकत काय? रागाने त्याच्या कानशिलात ठोके पडत होते. तो सांगणारच होता.

बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरने ती तिरकी केली. आतला बर्फ बाटलीबरोबर तिरका झाला.

"हे कोणी केलं, काका?"

मेकॅनिकने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. खोलीत डॉक्टर होता, नर्स होती, आणि दाराशी हेल्मेट हातात धरून, लहानपणी शाळेत उभा केल्यासारखा मुलगा. शब्द बाहेर येईना. त्याचा त्याला आणखी राग आला.

"मी," मागून मुलगा म्हणाला. "बाबांनी नाही. मी केलं. आणि ती ओळ पण मीच सांगितली. ती काढा."

"नक्की?"

"त्यांच्याबरोबर मी गेलो असतो तर हे तिकडे झालं असतं."

डॉक्टरने नवीन पत्र लिहिलं. दोन ओळींचं. चिठ्ठी वेगळी. नर्सने शिक्का मारला.

रात्री मेकॅनिकने वहीत नोंद केली. सहा बाटल्या, गोठल्या, बाद. पुढे कारणाचा रकाना होता. भांडारात तो रकाना कोरा सोडणाऱ्याला त्याने आजवर कधी माफ केलं नव्हतं. त्याने पेन टेकवलं, उचललं, आणि वही मिटली.

सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार आइसपॅक ओळीने मांडलेले होते. मेकॅनिक स्टुलावर बसला होता. मुलगा चहा घेऊन आला, समोर उभा राहिला. कालपासून दोघांत एक शब्द झाला नव्हता.

आइसपॅकवर घाम धरला. मग थेंब झाले. एक थेंब ओट्याच्या कडेपर्यंत जाऊन थांबला.

मेकॅनिकने न बघता एक आइसपॅक मुलाच्या हातात दिला. मुलाने तो कानाशी धरून हलवला. पुन्हा हलवला.

"वाजलं."

मेकॅनिकने तो काढून घेतला, आपल्या कानाशी धरला, आणि परत ओट्यावर ठेवला.

"नाही वाजलं. तुला वाजायला हवंय म्हणून वाजतंय."

मुलगा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, पण गेला नाही. त्याने दुसरं स्टूल ओढलं. वीस मिनिटं दोघं बसून राहिले. बायकोने एकदा डोकावून पाहिलं आणि टॅक्सीवाल्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं.

मग मुलाने पुन्हा एक उचलला, डोळे मिटून हलवला, आणि या वेळी काहीच न बोलता बापापुढे धरला. मेकॅनिकने ऐकलं. पेटी पुढे ओढली आणि म्हणाला, "भर."

मुलाने भरली. मध्ये पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत काल आणलेल्या नव्या बाटल्या, कशालाही न चिकटता. खाली जाऊन त्याने पेटी टॅक्सीच्या मागच्या सीटवर, बापाच्या शेजारी ठेवली, आणि कोणी बसलेलं असावं तसा तिला पट्टा लावायला लागला.

"राहू दे," मेकॅनिक म्हणाला. त्याने पेटी उचलून मांडीवर घेतली, दोन्ही हात झाकणावर ठेवले आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं. गाडी वळेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. वळल्यावर मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटे फिरवून ते ताईच्या तिकडच्या वेळेला, तिच्या दुपारशी जुळवून घेतलं.