उजळलेला प्रेषित

निरीक्षण

मासळीबाजारामागच्या पत्र्याच्या चर्चमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. किसुमू शहराच्या पलीकडूनही लोक आले होते. भिंतीवर प्रेषित ओगालोचं जुनं चित्र होतं, काळाकुळकुळीत. चित्राखाली खुद्द ओगालो, दूध घातलेल्या चहासारखा.

"बघा माझं तोंड! रक्ताचा कर्करोग होता मला. डॉक्टर म्हणाले, जन्मभर गोळ्या खा. मी गोळ्या भिरकावल्या, हे मंतरलेलं पाणी प्यायलो, आणि काय झालो?"

"लेर! लेर!" गर्दी ओरडली.

आमच्या लुओ भाषेत उजेड म्हणजे लेर, आणि पवित्र म्हणजे मालेर. तोंड उजळलं की माणूस अर्धा संत झालाच. बाकीचा अर्धा लाउडस्पीकर करतो.

"टाका गोळ्या सरोवरात! माशांना खाऊ देत!"

"माशांना कर्करोग झालाय का?" मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"गप रे. आत्मा ऐकतोय."

गृहीतक

मी ओडिंगो, शिंपी. माझंही तोंड उजळलंय. लोक विचारतात, "कुठल्या चर्चला जातोस रे?" मी सांगतो, "सरकारी दवाखान्यात. बाकावर बसतो."

ओगालोचा आजार तोच माझा: सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. त्यावरच्या गोळीची चाचणी दवाखान्यात चालू आहे. मी तिच्यात आहे, आणि तळलेले मासे विकणारी आपोंदीही होती. होती म्हणतो, कारण तिनं गोळ्या खरंच सरोवरात टाकल्या. गोळीनं आक्रसून बरगडीखाली गेलेली तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, पुन्हा फुगून खाली आली होती.

"आपोंदी, पोट बघ स्वतःचं," त्या रविवारआधीच मी तिला म्हणालो होतो.

"पाप बाहेर पडतंय, प्रेषित म्हणाले."

"पाप हाताला कडक लागतं?"

"डावीकडं लागतं."

"आणि तोंड? पुन्हा काळवंडलं की गं तुझं!"

ती पुटपुटली, "श्रद्धा कमी पडली, म्हणाले."

म्हणजे गोळी सोडल्यावर आपोंदी पूर्वीसारखी काळी झाली. मी गोळी घेतो, मी उजळ. आणि ओगालो गोळी न घेता उजळ. मला हे काही केल्या पटेना.

प्रयोग (कुणी ठरवून केला नाही)

त्या रविवारी मग ओगालो नाचायला लागला. उंच उडी मारली आणि "आई गं!" करून खाली बसला. उजव्या पोटरीत गोळा आला होता.

"आत्मा उतरला!" गर्दी गरजली.

आत्मा पोटरीत का उतरला, हे कुणी विचारलं नाही. ओगालोनं चप्पल फेकली, अंगठा धरला आणि पाऊल स्वतःकडं ओढलं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही सगळे अगदी असंच ओढतो. या गोळीनं पोटऱ्या वळतात.

पुढच्या रांगेतली आपोंदी बाकावरच्या सवयीनं धावली. पाऊल धरून दाबत म्हणाली, "उपाशीपोटी घेतलीत का हो गोळी?"

"नाही गं बाई, मक्याची उगाली भरपेट खाऊनच घेतो. नाहीतर मळमळतं—"

माईक चालू होता. चर्चभर आवाज घुमला.

आपोंदीनं पाऊल सोडून दिलं. "माझ्या गोळ्या मी पाण्यात टाकल्या," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या कुठं टाकता? तोंडात?"

चर्चा

दवाखान्यातल्या डॉक्टर न्यांगवेसोबाईंनी नंतर समजावलं. रक्तपेशींना बेसुमार वाढायला लावणारी बटणासारखी एक कळ असते, ती गोळी बंद करते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तशाच एका कळीवर चालतात, म्हणून त्याही मंदावतात आणि माणूस उजळतो. गोळी थांबली की रंग परततो. आणि आजारही.

आपोंदीनं विचारलं, "पुन्हा सुरू केली तर लागू पडेल ना?"

"बहुतेक पडेल. रक्त तपासल्याशिवाय शब्द देत नाही."

किती साधं बोलणं! खात्री नसली तर तसं सांगायचं. ओगालोला एवढं कधी जमलं नाही. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "गोळीतही मीच शक्ती भरली होती." टाळ्या पडल्या. थोड्या कमी, पण पडल्या.

आपोंदी आता रोज जेवून गोळी घेते आणि रक्ताच्या निकालाची वाट बघते.

ओगालोच्या आजाराला हसू नका, तो माझाही आहे. स्वतः औषध गिळून दुसऱ्याला ते फेकायला लावणाऱ्या त्याच्या तोंडाला हसा. आणि चालू असलेली गोळी बंद करा असं कुणी म्हणालं, तर आधी डॉक्टरांकडं जा, रक्त तपासा. मग वाटलं तर प्रार्थनाही करा. गोळी काही रागावत नाही.