केळीचे टेकू

जळगावच्या त्या स्टेडियमला तीन बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या होत्या. चौथी बाजू दहा वर्षं नुसती मातीचीच. सत्त्याऐंशी साली आमची रावेरकडची फुटबॉल टीम अंतिम सामन्यात आली आणि गावाला चेव चढला. गिरधर म्हणाला, "तिकडची गॅलरी आपण बांधू. बांबू मह्याकडे पडेल हायेत."

त्याचे बांबू म्हणजे केळीचे टेकू. घड भरला की केळ वाकते, म्हणून तिला टेकू लावतात आणि हंगाम संपला की काढून ठेवतात. ट्रक भरून ते स्टेडियमवर आले. बुडांना गेरू फासून देखणे केले. मळ्यात टेकू पारखतात तसा गिरधर एकेकाला लोंबकळला. एकही करकरला नाही, तेव्हा त्यांवर फळ्या बांधून गॅलरी उभी केली. आम्ही शहाण्यांनी टाळ्या पिटल्या.

सामन्याच्या दुपारी गॅलरी गच्च भरली. गिरधरची बायको सुमनबाई लहानग्या पोरीला घेऊन सगळ्यात वरच्या फळीवर बसली. मैदानात गिरधरचा धाकटा भाऊ भाईदास आमचा फॉरवर्ड होता.

भाईदासचा पहिला फटका गोलच्या खांबाला लागला. माणसं उसळली आणि गॅलरी एकदा झुकून परत जागेवर आली. खाली उभ्या गिरधरनं ते पाहिलं. एका टेकूच्या बुडाला त्यानं नख लावलं. गेरूखाली नुसता भुसा होता. मळ्याच्या ओल्या मातीत रोवलेलं बूड कुजतं, हे आमच्यात कुणाला माहीत नव्हतं? पण घड जागचा हलत नाही, माणसं नाचतात, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला आजही संताप येतो.

"खाली उतरा!" गिरधर ओरडला. ताशांच्या दणक्यात ऐकतंय कोण? सुमनबाईनं वरून हसून पोरीचा हात हलवला.

तेवढ्यात भाईदासला चेंडू मिळाला. समोर एकटा गोलकीपर. गिरधर मैदानात धावला.

"भाईदास, मारू नको रे! गोल मारू नको!"

त्या घरात थोरल्याचा शब्द कधी मोडला नव्हता. भाईदासचा पाय तिथंच थांबला. चेंडू घरंगळत रेषेबाहेर गेला आणि गिरधर गॅलरीकडे वळला.

मग "फितूर! फितूर!" करत आमचीच माणसं एकदम उठली आणि फळ्यांवर पाय आपटू लागली.

सुमनबाई तेवढी बसून राहिली. पोरीला छातीशी धरून ती नवऱ्याकडे बघत होती, आणि खालचे टेकू एकामागून एक मोडू लागले.