वाढला तो पाय की बूट?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या नजरा बेकरीवाल्यांच्या पायांवर खिळल्या होत्या. ते खुर्चीत बसले होते, दोन्ही पाय सरळ पुढे. त्यांच्या टाचा हातांत धरून गुडघेबाबा डोळे मिटून पुटपुटत होते.

"बघा, उजवा पाय आखूड! म्हणून गुडघा दुखतो, म्हणून कंबर दुखते. सगळं दुखणं लांबीत आहे, मंडळी! आता वाढतोय... वाढतोय... वाढला!"

खरंच की! दोन्ही बूट बरोबरीला आले. बेकरीवाले उठून चक्क नाचले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गोळ्या फेका, व्यायाम सोडा!" बाबा गरजले. "फक्त इथे बूट काढू नका, ऊर्जा गळते."

मागे बसलेल्या टपालबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. उभा जन्म त्यांनी लोकांचे जिने चढून टपाल वाटलं, आणि आता सख्ख्या लेकीचा तिसरा मजला त्यांना गाठता येत नव्हता. नात झाली होती, ती फक्त फोनवर पाहिलेली. दवाखान्यातल्या व्यायामताईंनी मांड्यांचे व्यायाम शिकवले होते खरे, पण फरक पडायचा मुंगीच्या पावलांनी. नणंदेच्या नादाने बाईंनी तेही नुकतेच सोडले होते.

"जा ना वहिनी!" नणंदेने ढोसलं. "आज संध्याकाळी नात मांडीवर!"

बाई लंगडत पुढे गेल्या. बाबांनी टाचा धरल्या. "डावा आखूड आहे..." म्हणाले आणि अडखळले. ओढलं. पुन्हा ओढलं. खुर्ची बाईंसकट पुढे सरकली, पण बूट काही हलेना.

गंमत अशी, की बाईंचे बूट घोट्यापर्यंतचे, नाडी करकचून आवळलेली आणि वर दुहेरी गाठ. जिन्यात नाडी सुटली तर टपालासकट कपाळमोक्ष! निवृत्त झाल्या तरी सवय कुठली सुटायला?

बाबांनी घाम पुसला आणि हळूच नाडीला हात घातला. "इथे ऊर्जा अडलीय. गाठ जरा सैल करू."

"का हो?" बाई म्हणाल्या. "वाढवायचा आहे तो पाय की बूट?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा चपापले. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्यांना आधी रडूच आलं. संध्याकाळी नात भेटणार, हे त्यांनी मनोमन खरं धरलं होतं. मग मात्र अस्सा संताप आला!

"बेकरीवाले, बसा पुन्हा इथे."

बेकरीवाल्यांचे बूट बिननाडीचे आणि ढगळ. बाईंनी त्यांचा डावा बूट बोटभर बाहेर ओढला. "डावा लांब दिसतो, म्हणून उजवा आखूड वाटतो. आता बघा." त्यांनी तोच बूट परत आत दाबला. "झाला उजवा मोठा! मंत्र तेवढा राहिला, तो तुम्ही म्हणा." मग बूट काढून टाचा जुळवल्या. दोन्ही पाय मुळातच सारखे!

"पण मला बरं वाटलं हो!" बेकरीवाले कळवळून म्हणाले. उठायला गेले आणि "आई गं!" करून परत बसले. तेवढ्यात बाबा मागच्या दाराने पसार.

दुसऱ्या दिवशी बाई खालमानेने व्यायामताईंकडे गेल्या. ताई हसल्या. "आनंदाच्या भरात दुखणं घटकाभर मागे पडतं, ते काही ढोंग नसतं. पण झिजलेला गुडघा एका ओढीत कसा बरा होईल? मांड्यांत ताकद आणा, झेपेल तेवढं चाला, शेकून बघा, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. दुखणं कदाचित पूर्ण जाणार नाही, पण तुमच्या कह्यात येईल."

पुढे ऋतू पालटला आणि बाई जिना चढल्या. कठडा धरून, लेकीने वळणावळणावर ठेवलेल्या स्टुलांवर टेकत. गुडघा कुरकुरला. "तू ओरड, मी चालले," बाईंनी त्याला सुनावलं. मागून नणंद, तीही आता व्यायामाला लागलेली.

दाराशीच, बूट काढायच्या आधीच मांडीवर घेतलेल्या नातीने ओणवं होऊन पहिली काय धरली, तर आजीच्या बुटाची नाडी.

"ओढ गं माझी राणी! पण मोठी झालीस की कुणीही पाय ओढायला आला, तर आधी बूट काढून बघ."

आपणही तेवढं करूया. दुखणं खरं असतं, म्हणूनच त्यावरचा इलाजही खरा आहे का, हे विचारायला लाजायचं नाही.